डीव्हीडीवर थेट छपाई: चित्र सरकते, भोकाजवळची शाई वाळत नाही

वडसा_व्हिडिओ:
राम राम मंडळी. मंडईतल्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या) दंडारीच्या, म्हणजे आपल्या झाडीपट्टीच्या लोकनाट्याच्या, ५० डीव्हीडी द्यायच्या आहेत. प्रिंटर एप्सन एल ८०५, डिझाइन गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, डिस्क पांढऱ्या प्रिंटेबल (वरून थेट छापता येतात त्या). चित्र उजवीकडे सरकून राहिलं, भोकाजवळच्या कड्यावर शाई ओलीच राहते, नि काळा भाग दुसऱ्या दिवशीही चिकट लागते. मापं काय ठेवावी? की सरळ कागदी स्टिकर लावावे?

ब्रह्मपुरी_डीटीपी:
भाऊ, आधी डिस्कवर पट्टी ठेवून पांढरा थर कुठून कुठवर आहे ते मोजा. सारा घोळ तिथेच असते. डिस्क १२० मिमी, भोक १५ मिमी. पूर्ण पांढऱ्या डिस्कवर थर साधारण २३ पासून ११८ मिमी व्यासापर्यंत असतो, जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ४६ च्या आसपास सुरू होतो. त्याच्या आत नुसतं पारदर्शक प्लास्टिक, ते शाई पीत नाही. तुमचं कडं म्हणूनच ओलं राहते, आणि तीच शाई पुढे प्लेअरच्या मधल्या चकतीला लागते.

एप्सन प्रिंट सीडीत (डिस्क छापायचं एप्सनचं सॉफ्टवेअर) छपाईचा आतला व्यास १८ ते ४६ आणि बाहेरचा ११४ ते १२० मिमी ठेवता येतो. थर २३ ते ११८ असेल तर २४ आणि ११७ भरा.

गिंपमध्ये नवीन फाइल १२० × १२० मिमी, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) घ्या, म्हणजे बाजू १४१७ पिक्सेल होते. इमेज मेनूतून ५० टक्क्यांवर एक आडवी, एक उभी गाइड (मध्य दाखवणारी रेघ) टाका. चित्र गोल कापू नका, चौकोनीच पीएनजी करा आणि प्रिंट सीडीला कापू द्या. स्वतः गोल कापलं की अर्धा मिमी सरकलं तरी कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. नावं, तारीख हे सगळं ४६ ते ११० मिमीच्या पट्ट्यात बसवा.

चिमूर_स्टुडिओ:
सरकण्याचा हिशेब सोपा आहे जी. बर्न करताना बिघडलेली एखादी प्रिंटेबल डिस्क घ्या, त्यावर फक्त एक वर्तुळ छापा आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा मोजा. डावीकडे ३ मिमी, उजवीकडे १ मिमी असेल तर फरक २, त्याच्या निम्मं म्हणजे १ मिमी डावीकडे सरकवा. वर-खाली पण तसंच. प्रिंट सीडीतल्या जागा बदलायच्या सेटिंगमध्ये हे भरता येते. डिस्क ट्रेमध्ये पूर्ण दाबून बसली पाहिजे, आणि ट्रे बाणाच्या खुणेला खूण जुळवूनच आत द्या. ट्रे तिरपा गेला तर कितीही आकडे भरा, दर डिस्कला वेगळंच येईल.

प्रिंटर यूपीएसवर ठेवा. अर्ध्यात लाइन गेली की ती डिस्क गेली, दुसऱ्यांदा छापून रंग रंगावर बसत नाही.

ब्रह्मपुरी_डीटीपी:
एक राहिलं. मराठी मजकूर फोटोशॉपाच्या जुन्या आवृत्तीत करत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, नाही तर जोडाक्षरं तुटतात. गिंपमध्ये युनिकोड फॉन्ट असला की नीट येते.

तळोधी_मिक्सिंग:
चिकटपणा शाईच्या जादा थराचा. प्रिंट सीडीत रंगाची घनता कमी करा आणि पूर्ण काळ्याऐवजी गडद तपकिरी किंवा निळी पार्श्वभूमी घ्या. छापायच्या बाजूला बोट लावू नका, बोटाच्या तेलावर शाई धरत नाही. आधी बर्न करा, तपासा, मगच छापा. छापल्यावर २४ तास सावलीत एकेक सुटी वाळू द्या. स्पिंडलवर (डिस्क ओवून ठेवायच्या दांडीवर) एकावर एक रचल्या की ओली शाई वरच्या डिस्कच्या वाचायच्या बाजूला लागते आणि प्लेअर अडकते. पावसाळ्यात दमट हवेत याहून जास्त वेळ द्या.

विकत घेताना वेष्टणावर 'इंकजेट प्रिंटेबल' पाहा. थर्मल प्रिंटेबल डिस्कही पांढरीच दिसते, पण तिच्यावर इंकजेटची शाई टिकत नाही, पुसली जाते.

कागदी स्टिकरचा विचार सोडाच भाऊ. मधोमध बसला नाही तर डिस्क फिरताना थरथरते. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीतल्या प्लेअरमध्ये डिंक सैल होऊन कडा उचलते, मग डिस्क आतच अडकते.

वडसा_व्हिडिओ:
मोजलं. थर ४४ पासून सुरू होऊन राहिला नि मी २३ भरलं होतं. आता ४५ आणि ११७ ठेवतो.