खाजनाच्या बांधावर पायवाट आणि सायकलवाट: हवी की नको?

चिखलपाय (तिसवाडी)
आधी मत सांगतो, मग शिव्या घाला. गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यात खाजनांच्या, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतांच्या, बांधांवर चालायला आणि सायकलला रीतसर वाटा असाव्यात.

गेले दोन हिवाळे माझी रविवारची सकाळ बांधावर जाते. रायबंदरच्या धक्क्यावर सायकल फेरीत चढवायची, चालणाऱ्याला नि सायकलवाल्याला तिकीट नाही, थोड्या वेळात पलीकडे चोडण बेट. उतरल्या उतरल्या सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ साली जाहीर झालेले, उणेपुरे १७८ हेक्टरांचे. तिथे सायकल बाहेर ठेवून पायीच जायचे, तेही भरती-ओहोटी बघून. ओहोटीला गेलात तर कांदळांची (खारफुटीची) श्वासमुळे चिखलातून हजारोंनी वर आलेली दिसतात आणि त्यांच्यामधून निवट्या (चिखलातले छोटे मासे) टुणटुण उड्या मारत असतात. हे सगळे तासाभरात बघून होते. मजा त्यानंतरची. एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भाताचे शेत, मधून चार हात रुंद मातीचा बांध. नोव्हेंबरात धुके उतरलेले असताना त्या बांधावरून सायकल हळूहळू न्यायची. दिवाडी बेटावरही तेच सुख.

पण कुठली वाट सर्वांची नि कुठली कुणाच्या मालकीची, हे सांगणारी एक पाटी नाही. एकदा बांध मध्येच फुटलेला निघाला, सायकल खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखल तुडवला (टोपणनाव तिथलेच). फुटून किती दिवस झाले असतील? आतल्या शेतात कांदळाची कमरेएवढी झाडे उभी होती. ज्या वाटेने माणसे रोज जातात ती फुटली तर दुसऱ्या दिवशी बोंब होते. जिथे कुणी फिरकत नाही तो बांध गुपचूप जातो. म्हणून म्हणतो, माणसे येऊ द्या.

मानशीकडचो
बाब, बांधाला वाट म्हणालात तिथेच गडबड झाली. आम्ही त्यावरून चालतो ते शेतात जायला. त्याचे काम नदी बाहेर ठेवणे.

बांधात मानस असते ती पाहिलीत ना? तिचे दार असे बसवलेले असते की भरतीचे पाणी त्याला ढकलून बंद करते आणि ओहोटीला आतले पाणी ते उघडून बाहेर जाते. वीज नाही, मोटार नाही. पण हे सगळे चालते ते बांध धड आहे तोवर. बांध म्हणजे चिखल, पेंढा, बांबू, नदीच्या बाजूला जांभ्या दगडाचा आधार. कुर्ल्या त्यात भोके पाडतात, उंदीर पाडतात. पावसात सायकलची चाकोरी पडली की त्यात पाणी साचते, माती भिजून बसते, आणि उधाणाच्या रात्री नेमकी तिथून फुटते. एकदा खारे पाणी आत आले की ते मीठ पावसाने धुवून जाईपर्यंत साधे भात विसरा. कोरगुट हा खाजनातला भात थोडा खारेपणा सोसतो, पण तोही समुद्रात पिकत नाही.

तुमचे टायर गेले, आमचे वर्ष गेले.

सकाळचीधाव
मग आम्ही धावायचे कुठे? हायवेच्या कडेला, ट्रकांचा धूर गिळत?

अडई
मी करमळीच्या तळ्यावर पाखरे बघते, आणि अडई हे तिथल्या बदकाचे नाव, त्यामुळे माझी बाजू कुठली ते नावावरूनच कळेल.

पाखरांना माणूस चालत नाही असे नाही. पोदेर (पाववाला) पों पों करत तळ्याकडच्या रस्त्याने जातो, अडया मान वर करत नाहीत. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई जाते, म्हशी जातात, काही नाही. पण आठ-दहा जणांचा घोळका आला, थांबला, एकाने हात लांब करून बोट दाखवले, की अख्खा थवा आकाशात. मग सगळे खूश, कारण फोटो उडत्या पाखरांचा चांगला येतो. थापट्या नि तलवार बदके हिवाळ्यात इथे येतात ती खायला आणि विश्रांतीला. मार्चच्या सुमाराला परत उत्तरेला जायचे, त्यासाठी अंगावर चरबी हवी. सकाळी चार वेळा उडवलेत तर चार वेळा त्यांनी खाल्लेले जाळलेत.

चिखलपाय, तुम्ही एकटे गेलात तर मला काही म्हणायचे नाही. तुम्ही इथे लिहिलेत म्हणून पुढच्या रविवारी जे चाळीस जण जातील, त्यांच्याबद्दल बोलते आहे.

चिखलपाय (तिसवाडी)
@अडई, करमळीच्या तळ्याशेजारून कोकण रेल्वे जाते. दिवसभर गाड्या धडधडतात. तरी पाखरे आहेत ना? मग माझ्या सायकलीने काय आभाळ कोसळते?

अडई
गाडी सेल्फी काढायला थांबत नाही.

आणि रेल्वेचे उदाहरण जपून द्या. ती खाजनांतून, जुन्या गोव्याजवळून नेऊ नका म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला इथे मोठे आंदोलन झाले होते. "झाले तरी पाखरे राहिली" हा युक्तिवाद कुठल्याही पुलाला, कुठल्याही रस्त्याला लावता येतो.

कलमवाचक
भांडण रंगले आहे, मध्ये थोडे रूक्ष बोलतो. २०१७च्या पाणथळ संवर्धन नियमांप्रमाणे अधिसूचित पाणथळीच्या कडेला, गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरांत, पक्के बांधकाम करता येत नाही. सूट आहे ती होड्यांच्या धक्क्याला. म्हणजे तळ्याकाठी पेव्हर घालून सायकल ट्रॅक करायचे स्वप्न असेल तर ते तिथेच संपले.

आता गंमत बघा. त्याच नियमांच्या व्याख्येतून भातशेती वगळलेली आहे. खाजन म्हणजे भातशेतीच, त्यामुळे इथे ज्यावर चर्चा चालली आहे तो बांध त्या नियमांच्या बाहेर पडू शकतो. त्याला आधार सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांचा. २०११च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे होती: खाजनांचे नकाशे करा, तिथली खारफुटी राखा, खाजनात विकासकामांना परवानगी नको. तेव्हा "वाट" म्हणताना मातीची पायवाट म्हणता की बांधकाम म्हणता, ते आधी ठरवा. कायद्याला त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पणजीचो
पणजीत पाटोजवळ खाडीच्या कांदळांतून उंचावरून फळ्यांची वाट काढली आहे ना? चिखलाला पाय लागत नाही, मुळे तुडवली जात नाहीत, बांधाला धक्का नाही. माझ्या मुलीने कांदळ पहिल्यांदा तिथे जवळून पाहिले. सगळ्यांना होडी परवडत नाही आणि सगळ्यांची पहाटे उठून फेरी पकडायची तयारी नसते. तसे दोन-तीन ठिकाणी करा, बाकीचे बांध शेतकऱ्यांना सोडा.

सकाळचीधाव
त्यावर सायकल नेता येत नाही नि धावताही येत नाही, पण ठीक.

कुडचडेकार
आमच्या नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, गोव्यातला पहिला. ४२ हेक्टरांचे तळे. त्याआधी ते आम्हालाच माहीत होते: पाणी अडवायचे, खालच्या शेतीला द्यायचे, मासळी धरायची. दर्जा मिळाल्यावर एका पाहुण्याने मला विचारले, "रामसर म्हणजे कुठले देऊळ?" इराणातले गाव म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. १९७१ साली तिथे पाणथळींचा करार झाला, म्हणून ते नाव.

सांगायचे एवढेच की नाव झाले की लोक येतात, आणि लोक आले की वेफरची पाकिटे येतात. पण याच नावामुळे तळ्याला हात लावायला आता कुणीही दोनदा विचार करील. दोन्ही आमच्या डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे मी चिखलपाय यांना पूर्ण खोडून काढणार नाही.

मानशीकडचो
मी काढणार. शेजारच्या वाड्यावर बांध "मजबूत" केला, वरून काँक्रीट ओतले. लोकांना फिरायला बरे म्हणून सांगितले होते. पहिल्या वर्षी सायकली. मग ॲक्टिवा. मग पिकअप. मग एका सकाळी चिऱ्यांचा ट्रक उभा. आज त्या शेताच्या कडेला प्लॉट विकण्याची पाटी आहे. शेतात काही पिकत नव्हते तेव्हा त्याला भाव नव्हता, रस्ता आला तसा भाव आला. बांध फुटायला एक रात्र लागते, हे असे फुटायला पाच वर्षे लागली, म्हणून कुणाला दिसले नाही.

चिखलपाय (तिसवाडी)
काँक्रीट मी मागितलेलेच नाही. मातीच हवी. मातीवर सायकल हळू जाते, हळू गेली की दिसते. पाऊसभर सायकल बंद, तेही मान्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तळ्याच्या काठावर फक्त पायी, तेही मान्य, अडईताई जिंकल्या.

पण @मानशीकडचो, मला एक सांगा. मी कांदळ उगवलेले शेत पाहिले तिथे सायकल कधी गेली नव्हती. मग तो बांध फुटला कशाने?

मानशीकडचो
विचारलेत तर सांगतो.

पूर्वी बांध गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाच्या सामाईक जमिनीची संस्था, सांभाळायची. मग १९६४चा कूळ कायदा आला, पुढे शेत कुळाच्या नावावर झाले, आणि बांध कुळांच्या संघाकडे. शेत मिळाले ते बरेच झाले, माझ्या आजोबांना मिळाले नसते तर मी इथे बोललो नसतो. पण संघातले अर्धे आता बोटीवर नाहीतर आखातात. शेते पडीक. मानशीतली मासळी धरायचा हक्क पावणीला, म्हणजे लिलावाला, जातो, त्याचे पैसे संघाला येतात, त्यातून बांध दुरुस्त व्हायचा असतो. आणि पावणी घेतलेल्याला भातापेक्षा सुंगटे (कोळंबी) प्यारी. दार मोकळे ठेवले की खारे पाणी आत, त्याबरोबर मासळी आत. शेत पडीक असेल तर ओरडणार कोण?

चिखलपाय (तिसवाडी)
म्हणजे बांध सायकलने नाही, काळुंद्र माशांनी नि सुंगटांनी फोडला!

मानशीकडचो
हसा. आणि त्या सुंगटांचे हुमण (कालवण) कोण खातो ते पण सांगा.

(पण हो, बोललात ते खोटे नाही.)

फोंड्याची
मी खाडीपलीकडची. आमच्याकडे बोरी, दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला माणगे थापणी असते. चिखलाची मगर घडवतात, पाठीवर शिंपल्यांचे खवले, काड्यांचे दात, आणि तिची पूजा करतात. कुंभारजुवे कालव्यात खऱ्या मगरी आहेतच. ज्या पाण्यात उतरायचे त्या पाण्याच्या मालकाला आधी नमस्कार, एवढे साधे आहे ते.

आमच्या वाड्यावर गेल्या खेपेला सायकलवाले आले होते, चांगली मुले, पण एकाने हेल्मेटवरचा कॅमेरा पूजेच्या तोंडावर धरला. म्हातारे काही बोलले नाहीत. बोलत नाहीत म्हणजे चालते असे नव्हे. पाटी लावाल तेव्हा पाखरांबरोबर हेही त्यावर लिहा.

कलमवाचक
पाटी लावायची तर संघाच्या परवानगीने. शेत कुणाचे तरी आहे हे शेवटी सगळे विसरतातच.

सकाळचीधाव
मला एवढेच कळले की रविवारी हायवेच.

मानशीकडचो
रविवारी हायवे कशाला. मे महिन्यात, पावसाच्या आधी, आम्ही बांधाला माती घालतो. पूर्वी घरटी एक माणूस यायचा, गेल्या वर्षी सगळे मिळून सात होतो, त्यात दोघे सत्तरीचे. चिखलपाय, तुम्हाला बांधावर यायची हौस आहे ना? सायकल धक्क्यावर ठेवा नि या. माती वाहायच्या पाट्या, फावडी आमच्याकडे आहेत. दुपारी पेज नि खारी सुकी मासळी मिळेल. त्यानंतर त्या बांधावरून सायकल नेलीत तर मी अडवणार नाही, कुठे जपून न्यायची ते तुम्हालाच कळेल.

चिखलपाय (तिसवाडी)
येतो. कधी नि किती वाजता?

मानशीकडचो
घड्याळ नको विचारू, तिथी विचार. अष्टमीच्या सुमाराला, भांगाचे पाणी असते तेव्हा. भरती फार वर चढत नाही, घातलेली माती बसायला वेळ मिळतो. दोन दिवस आधी कळवतो.

सकाळचीधाव
फावडे कधी धरलेले नाही, पण पाट्या उचलीन. माझेही नाव घाला.

अडई
माती कुठून काढणार आहात? पोंयीच्या (खाजनातल्या सखल पाणथळ भागाच्या) कडेची लव्हाळी खणू नका, पाऊस सुरू झाला की अडया अशाच गवतात घरटी करतात.

मानशीकडचो
आली बाय पाखरांची वकील. या तुम्हीही, कुठून काढायची ते बांधावर उभे राहून दाखवा.