सराव एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, म्हणजे एकामागून एक छोट्या मुलाखती): १६ मुलं, ८ परीक्षक, कसं बसवायचं?

तीनहातनाका:
नमस्कार मंडळी. परदेशी मेडिकल कॉलेजांना अर्ज करणाऱ्या १६ मुलांची सराव मुलाखत नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये घ्यायची आहे. आपल्याकडे सगळं नीटच्या ७२० गुणांवर ठरतं, त्यामुळे मुलं मुलाखतीला कोरी आहेत. तिघातिघांचं पॅनल बसवावं का?

नेरूळकर:
सगळं नाही हो, पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात) नीटनंतर मुलाखत असते. असो. पॅनल नको. एकाने मत टाकलं की बाकीचे माना डोलावतात. शिवाय एका प्रसंगात चमकलेला मुलगा दुसऱ्यात ढेपाळतो. म्हणूनच कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने एका लांब मुलाखतीऐवजी बऱ्याच छोट्या घ्यायला सुरुवात केली.
आठ टेबलं, प्रत्येकी एक परीक्षक, एक प्रसंग. चिठ्ठी वाचायला २ मिनिटं, बोलायला ८. फेरी ८० मिनिटांची, तुमच्या दोन फेऱ्या होतील. मुलं टेबलं बदलत जातील, परीक्षकाने टेबल बदलायचं नाही, म्हणजे खडूस असला तरी सगळ्यांना सारखाच खडूस. दुसरी तुकडी आत घेऊन फोन जमा केल्याशिवाय पहिलीला सोडू नका, नाहीतर प्रश्न खालच्या वडापावच्या गाडीवर पोचलेच म्हणून समजा.

घोडबंदर_पीडित:
गुणपत्रिकेवर नुसतं 'संवादकौशल्य: १ ते ५' छापलंत तर सगळ्यांना ३ मिळतील. आकड्यापुढे वागणं लिहा. उदा. प्रसंग: तुम्ही मैत्रिणीला गाडीने सोडणार होतात, उशीर झाला, तिची परीक्षा हुकली. ती समोर बसली आहे.
१: घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवर खापर फोडतो.
३: माफी मागतो, पण तिचं बोलणं तोडून लगेच उपाय सांगतो.
५: ऐकून घेतो, 'मी उशिरा निघालो' हे स्पष्ट म्हणतो, मग पुढचं तिच्याशी ठरवतो.
मैत्रीण झालेल्या व्यक्तीने सोळाही वेळा तितकंच चिडायचं. दहाव्या मुलापर्यंत आवाज मऊ पडतो, तिथेच घोळ होतो. आणि परीक्षकांना मुलांचे बारावीचे गुण आधी सांगू नका.

तीनहातनाका:
आभार. एका टेबलावर १ मिळाला तर मुलगा नापास धरायचा का?

नेरूळकर:
नाही, आठही टेबलांची बेरीज बघा. एक टेबल बिघडणं गृहीतच आहे. समोरच्याचा अपमान केला, धडधडीत खोटं बोलला, तर पत्रिकेवर वेगळी खूण करा. परीक्षकांनी घंटा होताच गुण लिहायचे, चहाच्या वेळी चर्चा करून बदलायचे नाहीत. घंटा एकाच्याच हातात द्या. आठ मोबाइलांचे आठ अलार्म लावलेत तर तिसऱ्या टेबलापर्यंत रांग तुंबते.