मीठ-पाण्यानं कॅडमियम नाही जात ना ताई

वर एका ताईंनी लिहिलं की नागपूरच्या नागनदीच्या घाण पाण्यावरचा पालक-सांभार (कोथिंबीर) अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवला की टेन्शन खतम. ताई, अर्धं बरोबर आहे. शिसं बरंचसं पानावरच्या धुळीमातीत चिकटून असते, ते चांगलं धुतलं का निघते, पण कॅडमियम, तोही शिशासारखा विषारी धातूच, मुळातून वर चढून पानाच्या आतच जाऊन बसते, त्याले मीठ काय करन. पालेभाजीत कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागं 0.2 मिलिग्राम आहे, म्हणजे डोळ्याले काही दिसत नाही, पान हिरवंगार टवटवीतच राहते.

मागच्या उन्हाळ्यात नागपुरात भांडेवाडीच्या पुढं गेलो होतो तर नागनदीच्या काठानं पंप सुरू, पाइपातून काळं पाणी अन् वर साबणासारखा फेस, अन् वाफ्यात सांभार असा मस्त की आईनं लगेच दोन जुड्या घेतल्या असत्या. त्या पाण्यात माणसाच्या घाणीसोबत शहरातल्या वर्कशॉपचंही पाणी येते बाप्पा.

एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे, आपली काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी, ती धातू बऱ्यापैकी धरून ठेवते, आंबट मातीत कॅडमियम लवकर सुटते. पण धोका खराच आहे, जपानात जिंझू नदीतून खाणीचं कॅडमियमवालं पाणी भातशेतीत गेलं अन् लोकांची हाडं मोडाले लागली, 1968 मध्ये तिथल्या सरकारनं कॅडमियम हेच कारण मान्य केलं.

अन् फक्त नदीले शिव्या नका देऊ, फॉस्फेट खतातूनही कॅडमियम येते. मी तर आता नदीकाठचा पालक सोडला, तिकडचं भेंडी-वांगं घेतो, फळात पानापेक्षा सहसा कमीच उतरते.