शब्दचर्चा: ‘दुष्परिणाम’, ‘कणकण’ आणि ‘जुलाबाचं औषध’

मूळ प्रश्न

केमोथेरपी घेणाऱ्यांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करते आहे आणि शीर्षकातच अडले आहे. ‘साइड इफेक्ट’साठी सवयीने ‘दुष्परिणाम’ लिहिलं, पण परत वाचताना तो शब्द टोचला. दुष्परिणाम म्हटलं की आठवतात ते व्यसनांचे दुष्परिणाम, म्हणजे केल्या चुकीची फळं. इथे माणूस बरं होण्यासाठी औषध घेतोय. ‘आनुषंगिक परिणाम’ हा शब्द थकलेल्या माणसाला वाचायला जड आहे. तुम्ही काय लिहाल? मळमळ, ताप, थकवा यांच्या शब्दांबद्दलही सुचवा.

उत्तर, भाषेच्या अंगाने

‘आनुषंगिक’ जड आहे हे मान्य, पण अर्थाला तोच सर्वांत जवळ जातो. केमोची बरीचशी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. तशाच केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या नि आतड्याच्या अस्तराच्या आणि रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेच्याही असतात. म्हणजे केस गळतात तेव्हा औषध आपलं नेहमीचंच काम करत असतं, फक्त नको त्या जागी.

तरी पत्रकात मी ‘औषधाने होणारे त्रास’ असंच लिहीन. ‘मला दुष्परिणाम झाला’ असं कुणी डॉक्टरांना सांगत नाही, ‘त्रास होतोय’ म्हणतो. ज्या शब्दात माणूस बोलतो त्याच शब्दात त्याला विचारावं.

उत्तर, केमो देणाऱ्या एका परिचारिकेचं

‘त्रास’ चांगला शब्द आहे, पण त्यात एक उणीव राहते. त्रास म्हणजे जे जाणवतं ते. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या कुणालाच जाणवत नाहीत. बऱ्याच औषधांनंतर त्या साधारण ७ ते १४ दिवसांत सर्वांत खाली जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसाला वाटत असतं की आता आपण सावरलो. म्हणून ‘त्रास आणि रक्तातले बदल’ असं दोन्ही लिहा. ‘पेशी कमी होतील’ एवढंच लिहू नका. डेंग्यूमुळे आपल्याकडे ‘पेशी’ म्हणजे प्लेटलेट असं घरोघरी बसलं आहे. पांढऱ्या की प्लेटलेट, ते नाव घेऊन सांगा. पांढऱ्या कमी झाल्या तर जंतुसंसर्गाचं भय, प्लेटलेट कमी झाल्या तर रक्तस्रावाचं.

आता ताप. मला सगळ्यात जास्त काळजी ‘कणकण’ या शब्दाची वाटते. मी फोनवर विचारते, “ताप आहे का?” उत्तर येतं, “ताप नाही हो, नुसती कणकण आहे.” मराठीत कणकण म्हणजे दुर्लक्ष करायचा ताप. अंग मोडून आलंय, कसर आहे, झोपलं की उतरेल. एरवी ते खरंही असतं. पण पांढऱ्या पेशी तळाला असताना १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस, ही तातडीची गोष्ट आहे, रात्रीचे दोन वाजले असले तरी. म्हणून पत्रकात ‘ताप आल्यास कळवा’ लिहू नका. ‘कणकण वाटली, थंडी वाजली, अंग गरम लागलं तर थर्मामीटर लावा, १००.४ किंवा जास्त असेल तर लगेच फोन करा’ असं लिहा. आणि कळवण्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नये हेही, कारण त्याने आकडा उतरतो आणि संसर्ग आत तसाच राहतो.

दुसरा शब्द ‘जुलाबाचं औषध’. जुलाब होतातही आणि जुलाब घेतातही, त्यामुळे हे औषध जुलाब थांबवायचं की करवायचं ते वाक्यावरून कळतच नाही. सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टीनने बद्धकोष्ठ होतो, इरिनोटेकॅनने जोरदार जुलाब होऊ शकतात. दोन्ही रुग्णांच्या घरी ‘जुलाबाचं औषध’ असू शकतं आणि त्यांचं काम अगदी उलट! ‘पोट साफ होण्याचं’ आणि ‘जुलाब थांबवण्याचं’ असे वेगळे शब्द वापरा, बाटलीवरसुद्धा.

‘फटीग’ला ‘ग्लानी’ हे भाषांतर तर कृपया टाळा. ‘ग्लानीत आहेत’ असं नातेवाईक म्हणाले की आम्ही धावत जातो, कारण ग्लानी म्हणजे शुद्ध हरपत चालली आहे. झोप घेऊनही न जाणारा शीण सांगायचा असेल तर ‘थकवा’ पुरे.

उत्तर, उपचार घेतलेल्याचं

माझं औषध ऑक्सालिप्लॅटिन होतं. त्याने थंडी सोसवत नाही. फ्रिजमधल्या बाटलीला हात लावला की बोटांत विजेसारखं काही जायचं, गार पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा वाटायचा. मी डॉक्टरांना एकच शब्द सांगत राहिलो, ‘मुंग्या’. गारव्याने येणाऱ्या त्या मुंग्या काही दिवसांत ओसरायच्या. पुढे पुढे मात्र पावलं बधिर राहू लागली, चप्पल पायातून निसटलेली कळेना, शर्टाची बटणं लागेनात, आणि त्यालाही मी मुंग्याच म्हणत होतो. जेव्हा ‘बटणं लावता येत नाहीत’ असं म्हणालो, त्याच दिवशी डॉक्टरांनी औषधाची मात्रा कमी केली. तो शब्द मला आधी सुचायला हवा होता, याची हळहळ अजून वाटते. म्हणून झिणझिण्या, चुरचुर, बधिरपणा हे शब्द पत्रकात वेगवेगळे द्या, आणि शेजारी विचारा: बटण लावता येतं का? चप्पल पायात आहे की नाही, न बघता कळतं का?

मळमळ, उमासे, कोरडी ओकारी, उलटी हेही एकात ढकलू नका. उलटी एकदाही झाली नाही म्हणून मी ‘ठीक आहे’ म्हणायचो, आणि मळमळीने दोन-दोन दिवस घोटभर पाणी जात नसे. उलटीवरची गोळी उलटी व्हायची वाट न बघता, सांगितलेल्या वेळेला घ्यायची असते, हे मला तिसऱ्या केमोला कळलं.

मूळ प्रश्नकर्ती

शीर्षक ‘औषधाने होणारे त्रास आणि रक्तातले बदल’ असं केलं. ‘मुखव्रण’ काढून ‘तोंड येणे’ लिहिलं. कणकणीचं वाक्य चौकटीत, सर्वांत वर घेतलं आहे.

एक अजून राहिलं. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं आणि त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं. पण सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला इजा होऊन लघवीतून खरोखरच रक्त जाऊ शकतं, आणि ही दोन्ही औषधं अनेकदा बरोबरच देतात. ‘लघवी लाल होणे’ यात हे दोन्ही येतं. मी ‘पहिले दोन दिवस औषधाच्या रंगाची लघवी’ आणि ‘त्यानंतरही लाल, किंवा कधीही गाठी पडलेली, जळजळणारी लघवी: लगेच कळवा’ असं लिहिलं आहे. परिचारिकाताई, हे फोनवर सांगितलं तर कळेल का?