तलावाकाठची गोल्फ वसाहत कशी सावरली?

मेहरूणकर (जळगाव): नमस्कार. माझे मेहुणे नोकरीनिमित्त अमेरिकेत अर्कान्सा राज्यातील बेंटनव्हिल येथे असून शेजारच्या बेला व्हिस्टात घर पाहत आहेत. तलाव आणि गोल्फ मैदानांभोवती वसवलेले हे गाव मध्यंतरी मंदावले होते असे ऐकतो. त्याचा इतिहास कोणी सांगेल का?

तापीकाठ (भुसावळ): याचा आरंभ गोल्फ वसाहतीपूर्वीचा आहे. १९१७ मध्ये लाइनबार्गर बंधूंनी येथे उन्हाळी विश्रामस्थळ काढले आणि १९३० मध्ये चक्क एका गुहेत नृत्यगृह सुरू केले. मोटारी वाढल्या, तसे पर्यटक दूर जाऊ लागले. १९६५ मध्ये जॉन कूपर यांनी निवृत्तांसाठी वसाहत आखली, कृत्रिम तलाव व मैदाने तयार केली आणि दूरदूरच्या लोकांना भूखंड विकले. मात्र त्यांपैकी बऱ्याच जणांनी घर बांधलेच नाही, आणि माझ्या मते खरी मेख तेथेच होती.

सातपुडा (शहादा): भाऊ, पुनरुज्जीवनाचे श्रेय एकट्या गोल्फला देता येणार नाही. बेंटनव्हिलला वॉलमार्टचे मुख्यालय असल्यामुळे नोकरदार कुटुंबे येऊ लागली, २००७ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला आणि २०१६ पासून जंगलातील सायकलवाटांमुळे तरुणही वळले. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ३०,१०४ भरली. तलाव व मैदानांची देखभाल मालमत्ताधारकांची संघटना वर्गणीतून करते, म्हणून मेहुण्यांनी घराच्या किमतीबरोबर तिचा दरही आधी विचारावा.