दुकानाचा कचरा घंटागाडीत चालतो का? (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी, खाली आमचं मिसळीचं छोटं दुकान आणि वर घर. घरचा ओला-सुका वेगळा करून घंटागाडीत देतो, त्याचं काही नाही, पण दुकानाचा रोज दोन बादल्या ओला निघतो, कांद्याची सालं, उष्टं, चहाचा चोथा, वर पुठ्ठ्याची खोकी आणि तळून उरलेलं तेल. शेजारचे म्हणतात हॉटेलवाल्यांचा मनपा घेतच नाही. खरंय का? रात्री गुपचूप कोपऱ्यावर टाकून येणं मला पटत नाही.

सोसायटीवाला:
दादा, त्यांनी अर्धंच ऐकलंय. घनकचरा नियमांत रोज 100 किलोच्या वर कचरा करणारे, म्हणजे मोठी हॉटेलं, मंगल कार्यालयं वगैरे, ते वेगळे धरलेत, त्यांनी ओला शक्यतो आपल्याच जागेत जिरवायचा. तुमच्या दोन बादल्या कुठे तिथवर जातायत! दुकान असलं तरी दारातून कचरा गोळा करायची जबाबदारी मनपाचीच, फक्त त्याचं शुल्क मनपा लावू शकते. विभागीय कार्यालयात स्वच्छता निरीक्षकांना भेटून गाडीची वेळ विचारून घ्या.

पंचवटीकर:
आणि एक, पुठ्ठा कोरडा ठेवा हो. रश्श्याची एक पिशवी त्यावर फुटली की तो पुठ्ठा गेलाच, तेलकट पुठ्ठ्याचा परत कागद होत नाही. ओल्याचं पण तसंच, पाथर्डीच्या खत प्रकल्पावर जे जातं त्यात कॅरीबॅग, सॉसच्या पुड्या निघाल्या तर खतात प्लॅस्टिकचे तुकडे येतात, मग कुठला शेतकरी ते शेतात घालणार? मनपाने कितीही मशिनं आणली तरी एकदा कालवलेलं वेगळं करणं फार अवघड, म्हणून हे काम आपल्या बादलीपाशीच व्हायला हवं. पुठ्ठा भंगारवाल्याला दिलात तरी तो रिसायकलिंगलाच जातो, पैसे मिळतात ते वेगळेच.

मीनाताई:
तेल मोरीत ओतू नका दादा, पाइप चोकअप होतो. गाडीतही नको, डब्यात साठवा. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल करतात, एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) 2018 पासून ती योजनाच सुरू केलीय.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार सगळ्यांचे. गाडी सकाळीच येते आणि आमचा कचरा दुपारनंतर निघतो, म्हणजे रात्रभर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला लागेल. उद्या दोन डबे आणतो आणि पोऱ्यालाही दाखवून ठेवतो कुठलं कशात.