‘हॅण्डलोड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधी रायफलींवरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या रायफलीपुरती जुळवून भरलेली काडतुसं, म्हणजे ‘हॅण्डलोड’. मी ‘हातभरणी’ लिहिलं होतं, ते खोडून ‘पुनर्भरण’ करा असं सुचवण्यात आलं. ‘लोड डेव्हलपमेंट’ला, म्हणजे रायफलीला जुळेल ते दारूचं प्रमाण शोधण्याला, तर काहीच सुचत नाहीये. शिवाय ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ यांची सरमिसळ कशी टाळावी?

उत्तर

तुमचा ‘हातभरणी’ शब्द चांगला आहे, तोच ठेवा. ‘पुनर्भरण’ म्हटलं की मराठी वाचकाला विहीर आठवते. आणि अर्थही जुळत नाही, कारण वापरलेली पुंगळी पुन्हा भरणं हा झाला एक भाग. हातभरणी कोऱ्या पुंगळीतही करतात.

‘भरणे’ हे क्रियापद बंदुकीला आपल्याकडे जुनंच आहे. बार भरणे, बंदूक भरणे हे सगळं नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या काळातलं. ‘ठासणीची बंदूक’ त्यातूनच आली. १८७४ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरला ८००, ९०० आणि १००० यार्डांवर आयरिश आणि अमेरिकन संघांचा सामना झाला. आयरिश नेमबाजांकडे ठासणीच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे मागून भरायच्या. अमेरिकन जिंकले ते ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी. तिन्ही अंतरं मिळून ठासणीची रायफल फक्त तीन गुणांनी मागे पडली, हे मला फार मोलाचं वाटतं. काळजीपूर्वक भरण्याला किती किंमत असते ते त्यात दिसतं.

आता गोळी आणि काडतूस. वर्तमानपत्रात दोन्हीला ‘गोळी’ चालते, तुमच्या मजकुरात चालणार नाही. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा जोड : पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती एकटी गोळी. ‘रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं बातम्यांत येतंच, म्हणून केसला पुंगळी हा शब्द वाचकाच्या ओळखीचा आहे. प्रायमरला मी टोपी म्हणेन. नुसतं ‘प्रायमर’ वाचून माणसाला रंगाचा डबा आठवतो. ‘काडतूस’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलं आणि त्याच्या मुळाशी कागद आहे, कारण पूर्वी दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली असे. १८५७ची काडतुसं दातांनी फाडायची होती ती त्यामुळेच.

इंग्रजीत ‘पावडर’ आहे म्हणून दारूला ‘भुकटी’ मात्र कृपा करून लिहू नका. आजची रायफलीची दारू बहुधा बारीक काड्यांची किंवा मण्यांची असते. तराजूच्या पारड्यात शेवटची एक काडी चिमट्यानं सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. तिथं ‘भुकटी’ वाचलं की चित्रच मोडतं.

‘लोड डेव्हलपमेंट’साठी माझं उत्तर आहे ‘मात्रा बसवणे’. दारू हा फारसी शब्द, मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’त तो अजून शाबूत आहे. औषधाची असते तशी दारूचीही मात्रा असते. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला लागू पडलेली मात्रा दुसरीला पडेलच असं नाही. म्हणून छापील तक्त्यातल्या खालच्या आकड्यापासून थोडंथोडं वर जात, प्रत्येक मात्रेची काही काडतुसं भरून झाडून पाहतात आणि कमाल मर्यादेच्या आत थांबतात. टोपी, पुंगळी किंवा गोळी यांतलं काहीही बदललं तर पुन्हा खालून सुरुवात, कारण नळीतला दाब बदलतो. ‘मात्रा’ शब्दात हा धोकाही आपोआप येतो : जास्त झाली की घात. ‘विकास’ लिहिलंत तर यातलं काहीच येणार नाही.

शंका

‘मात्रा’ पटलं. मग दारू आणि गोळी ज्या वजनात मोजतात त्या ‘ग्रेन’ला ‘गुंज’ का नको? तेही धान्याबियांचंच माप.

उत्तर

मोह मलाही होतो, पण नको. ब्रिटिश अमदानीत ठरलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा आणि ९६ गुंजांचा, म्हणजे एक गुंज जवळजवळ पावणेदोन ते दोन ग्रेनच्या मध्ये बसते. आकडे बदलावे लागतील, आणि दारूच्या मापात आकडा चुकणं म्हणजे माणसाला इजा. ‘ग्रेन’च ठेवा. एखाद्या वाक्यात ‘१८० ग्रेनची गोळी म्हणजे तोळाभर वजनाची’ एवढं जरूर लिहा. ते वाचकाच्या हाताला लगेच जाणवतं.

एमओएला (मिनिट ऑफ अँगल, गोळ्या किती जवळजवळ लागल्या ते सांगणारं कोनाचं माप) मात्र आपला शब्द बिनधास्त वापरा : कला. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, पंचांगात आहेच. शंभर मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २.९ सेंटीमीटर, हजारावर २९. ‘अर्ध्या कलेत पाच गोळ्या’ हे वाक्य मला कुठल्याही भाषांतरापेक्षा सरस वाटतं.

अॅक्युरसीला सगळीकडे ‘अचूकता’ लिहू नका. हातभरणी करणारा शोधतो तो सारखेपणा. हजार यार्डांवर पोचेपर्यंत गोळी नळीच्या रेषेपासून साधारण दहा मीटर खाली आलेली असते. वेगात सेकंदाला दहा मीटरांचा फरक पडला तरी ती वीतभर खालीवर लागते. पाचही गोळ्या लक्ष्याच्या डावीकडे पण एकमेकींना चिकटून लागल्या, तर मात्रा बसली. नेम नंतर दुर्बिणीची फिरकी फिरवून सुधारतो.

प्रश्न विचारणारीकडून

वाक्य असं केलं : ‘या रायफलीला मात्रा बसवायला तिला दोन महिने लागले, आता हातभरणीच्या पाच गोळ्या अर्ध्या कलेत येतात.’ एकच राहिलं. पुंगळी पुढे निमुळती होते त्या भागाला इंग्रजीत ‘मान’ आणि ‘खांदा’ म्हणतात. तसंच ठेवू?

उत्तर

खांदा ठेवा. ‘मान’ऐवजी गळा. घागरीला, बाटलीला गळाच असतो, आणि गोळी त्यातच बसते.